माझ्या नावानं वाढलेलं पान

सुरुवातीलाच एक सांगून टाकते. मला हा आजार कसा झाला ते मी इथं लिहिणार नाही. टायफॉइड झालेल्या माणसाला कुणी विचारतं का, की कुठलं पाणी प्यायलास आणि कुणाच्या घरचं? मग मलाच का विचारता? एचआयव्ही म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी तोच प्रश्न उभा राहतो. औषध कुठलं चालू आहे, हे विचारायचं बहुतेकांना सुचतच नाही. ज्यांच्या हातात काल-परवा असला रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचा, पण मला शहाणपण शिकवायला येऊ नका. यातलं काही ऐकून वाटेल, बाई रंगवून सांगतेय. वाटू दे.

मी तिथंच होते

आमचे मालक कारखान्यात फिटर होते. कसबा बावड्यात घर. मालक तापानं आणि हगवणीनं झिजत झिजत गेले तेव्हा माझी स्नेहल अंगणवाडीत जात होती. मागं राहिलो आम्ही दोघी, सासूबाई, धाकटे दीर, त्यांची बायको रंजना आणि लग्नाची नणंद. सासूबाईंना आम्ही सगळे आत्ती म्हणतो. बाई तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट म्हणता येणार नाही. मालक गेल्यावर पहिलं वर्षभर त्या मला उशाशी घेऊन झोपायच्या.

मग माझाही ताप उतरेना झाला. तोंड आतून पांढरं पडलं, जेवण जाईना. दिरांनी मला दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं, आणि रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांच्या खोलीत उभे राहिलो.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि दिरांकडं बघून बोलायला लागले. पेशंटला वेगळं ठेवा, कपडे वेगळे धुवा, फार दिवस नाहीत, मुलीचीही तपासणी करून घ्या. मी टेबलापासून हातभर अंतरावर होते. मी विचारलं, डॉक्टर, मला काय झालंय? त्यांनी उत्तर दिलं, तेही दिरांनाच. मला वाटलं, माझा आवाजच फुटला नाही. म्हणून जरा मोठ्यानं परत विचारलं. तेव्हा दारातल्या कंपाउंडरनं वळून बघितलं. म्हणजे आवाज फुटला होता.

येताना दीर रिक्षावाल्याला चिकटून पुढं बसले. मागच्या सगळ्या सीटवर मी एकटी.

स्नेहलची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी मात्र मी मोरीत बसून पोटभर रडले. आनंदानं माणूस असं रडतं हे मला माहीत नव्हतं.

मागं

आमच्या घरामागच्या परड्यात सरपण ठेवायची खोली होती. रंजनानं ती झाडून काढली आणि त्यात खाट टाकली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते.

जेवणाचं ताट उंबऱ्याबाहेर यायचं. ते ठेवताना मी कधीही कुणाला बघितलं नाही. भांड्याचा आवाज यायचा, मी उठून दार उघडायची, तर वाफाळतं ताट आणि रिकामं परडं. कधी कधी मी मुद्दाम दाराला कान लावून बसायची. तेव्हा ताट यायचंच नाही. मी परत खाटेवर गेले की आवाज.

हळूहळू माझं नाव बंद झालं. आधी मी वंदना होते, रंजनाची आक्का होते. मग नुसती 'ती' झाले. पुढं तेही गेलं आणि घरात लोक 'मागं' म्हणायला लागले. मागं जेवाण दिलं का? मागं खोकल्याचा आवाज येतोय. जणू खोलीच खोकत होती.

एकदा दुपारी आळीतल्या बायका आमच्या सोप्यात शेवया करायला बसल्या होत्या. मी माझ्या दारात उभी राहून ऐकत होते. रंजना म्हणाली, आक्कास्नी शेवया लई बारीक जमायच्या. कुणीतरी म्हणालं, व्हय की, गुण हुता तिच्या हाताला. सगळ्या जरा वेळ गप्प झाल्या, माणूस गेलेल्या घरी होतात तशा. मी माझे हात उजेडात धरून बघितले. बारीक झाले होते, पण होते.

स्नेहलला माझ्याजवळ यायची बंदी होती. परड्यात पेरूचं झाड होतं, तिथवर तिची हद्द. शाळेतून आली की ती झाडाला टेकून उभी राहायची आणि वही लांबनं दाखवायची. मी म्हणायची, जवळ आण की, दिसत न्हाय. ती म्हणायची, आज्जी मारंल. मग दोघी तशाच एकमेकींकडं बघत राहायचो. तुम्ही म्हणाल, बाई एवढ्या हालात जगली कशासाठी? एवढ्यासाठीच. कधीतरी ती पोर ते झाड ओलांडून येईल आणि माझ्या मांडीवर बसेल, यापलीकडं मला कशाची आस नव्हती.

शेजारची खाट

अंगावर मांस राहिलं नाही तेव्हा हातकणंगल्याहून माझा भाऊ आला. दादानं मला उचललं आणि मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं. वॉर्डाच्या टोकाला, पडद्याआड दोन खाटा होत्या. एकीवर मी, दुसरीवर सीमेकडची एक लिंगायत बाई. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. तिचं नाव काय ते कधी कळलं नाही, मी अक्का म्हणायची. सकाळी मला "बा, बा" करून जवळ बोलवायची आणि माझी वेणी घालायची. केस मुठीनं गळायचे. मला दिसू नयेत म्हणून ती ते गोळा करून पटकन आपल्या पानाच्या चंचीत कोंबायची. सासरचं एक माणूस मला शिवत नव्हतं आणि ही परकी बाई माझ्या डोक्यावरनं हात फिरवायची.

त्या वॉर्डात सफाईला येणारी माणसं पडद्याच्या अलीकडनंच झाडू फिरवून जायची. डबेवाला पाव फेकायचा. मात्र एक सिस्टर होत्या, पोक्त, जाड भिंगाच्या. त्या नाडी बघायला माझ्या खाटेवर बसायच्या, आणि नाडी बघून झाली तरी मनगट सोडायच्या नाहीत. औषधापेक्षा मला त्याचा गुण आला, असं मी त्यांना म्हटलं तर रागावल्या होत्या.

एका दुपारी माझ्या अंगात ताप होता. डोळे मिटून मी अक्काला स्नेहलचं सांगत होते. ती कशी चालते, तिला भेंडी कशी आवडत नाही, शाळेत नाटकात तिला झाड केलं होतं, असलं काहीबाही. अक्काला मधूनमधून 'हूं' म्हणायची सवय होती. मी बोलत होते, ती हूं म्हणत होती. उन्हं कलली तेव्हा सिस्टर आल्या आणि अक्काच्या तोंडावर चादर ओढली. मी म्हटलं, झोपली आता, राहू द्या. सिस्टर म्हणाल्या, "अगं, ती सकाळीच गेली. कुणी हात लावायला तयार नाही म्हणून अजून इथं आहे."

मग दुपारभर हूं कोण म्हणत होतं, मला ठाऊक नाही. ताप होता, एवढं खरं. पण मी सांगितलेलं कुणीतरी ऐकलं, हेही मला तितकंच खरं वाटतं. शेवटी सिस्टरनीच एका मावशीला दटावून बोलावलं आणि दोघींनी तिला नीट पुसून नेलं. तिची चंची तेवढी मी मागून घेतली. तिच्यात माझेच केस होते.

गोळ्या

त्याच सुमाराला सरकारी गोळ्या फुकट मिळायला लागल्या. नवीन पेशंटला एक सांगते, त्यातल्या एका गोळीनं सुरुवातीला चित्रविचित्र स्वप्नं पडतात. घाबरून गोळी बंद करू नका. मला एकच स्वप्न पडायचं. मी बावड्याच्या घरात फिरतेय, माणसं माझ्या अंगावरनं जाताहेत, आणि मी हाक मारली की ती फक्त दार लावून घेताहेत. जागी झाले की मी स्वतःला चिमटा काढायची. दुखलं की बरं वाटायचं.

दादानं मला हातकणंगल्याला घरी नेलं. वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं, ताटं वेगळी लागत्यात काय? दादा म्हणाला, न्हाय लागत. ती म्हणाली, मग भांडी हिनंच घासायची, मी न्हाय घासणार. तेवढ्यावर विषय मिटला आणि मी तिच्या घरची राणी झाले. वजन चढलं, गाल भरले, केस परत आले.

दादा एकदा स्नेहलला आणायला बावड्याला गेला होता. दारातूनच परत आला. नणंदेचं लग्न ठरतंय, तवर ह्या घराकडं फिरकू नका, तुमच्या पाया पडतो, असं आत्तींनी सांगितलं. मी म्हटलं, होऊ दे लग्न, तिच्या वाटेत मी कशाला. ते लग्न होऊन गेल्याचंही आम्हाला दुसऱ्याकडनंच कळलं. मी निरोप धाडले, उत्तर आलं नाही. परत दादाला पाठवायचं तर त्याचा अपमान माझ्या जिवावर येत होता. म्हटलं आधी पायावर उभी राहते, मग स्वतः जाते.

माप

शाहूपुरीत एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात मला काम मिळालं, हातकणंगल्याहून रोज ये-जा करायची. आजाराचं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, शिलाई सरळ येते न्हवं, मग झालं. भरदिवसाची गोष्ट. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून मी मशीनवरनं उठले, गळ्यातली टेप काढली आणि समोर गेले, तर आमच्या आळीतल्या शेवंताकाकी. मला बरं वाटलं. म्हटलं, काकी, हात वर करा, माप घेतो.

काकींनी हात वर केले नाहीत. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्या मागं मागं सरकत भिंतीला लागल्या आणि हळू आवाजात, लहान पोराला समजवावं तसं म्हणाल्या, "काय ऱ्हायलंय गं बाई तुझं? कशात जीव आडाकलाय? पोरीत व्हय?"

मला काही उमजेना. मी हसायला लागले. म्हटलं, काकी, अशा काय करतासा? तर त्या म्हणाल्या, "दिवसाचं जेवलोय मी तुझ्या."

मी टेप खाली ठेवली. दुकानातला पंखा गरगरत होता, रस्त्यावरनं टेम्पो जात होते, आणि मला वाटलं, झालं, मी झोपलेय आणि हे तेच स्वप्न आहे. मी चिमटा काढला. दुखला.

मी पुढं होऊन काकींचा हात धरला. हात गरम लागला तेव्हा त्यांना पटलं, की बाई जिवंत आहे. त्यांच्या जिवात जीव आला. पण दुसऱ्याच क्षणी मला काय झालं होतं ते त्यांना आठवलं आणि त्यांनी हात हिसडून घेतला. भूत म्हणून भ्यायल्या होत्या ते वेगळं, आणि आता भ्यायल्या ते वेगळं. यातलं जास्त कुठलं, हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं.

मग लांब बसून त्यांनी सगळं सांगितलं. नणंदेची दोन स्थळं माझ्यापायी मोडली होती. म्हणून घरच्यांनी आळीत सांगितलं, थोरली सून टीबीनं मिरजेत गेली, तिकडंच उरकून आलो. दिवस घातले, जेवण घातलं. बावडा ते हातकणंगले किती लांब आहे? पण कुणीही चौकशी केली नाही, कारण चौकशीला जायचं म्हणजे माझ्याजवळ यायचं. त्यांची लबाडी टिकली ती लोकांच्या भीतीवर. आणि स्नेहल? काकी म्हणाल्या, पोरीलाबी तेच सांगितलंय. लई रडली. फोटोला हार घालती रोज.

निघताना काकींनी आणखी एक सांगितलं. परवा सर्वपित्री अमावस्या, आता तुझंबी पान ठेवत्यात, मालकाच्या शेजारी.

पान

मी दादाला सांगितलं नाही. तो काठी घेऊन गेला असता. अमावस्येला दुकानात सुट्टी मागितली आणि एकटी बावड्याला गेले. पुढच्या दारानं जायचा धीर झाला नाही. मागच्या बोळातनं परड्याकडं गेले आणि केळीच्या आड उभी राहिले.

परड्याच्या बुटक्या भिंतीवर दोन पानं वाढून ठेवली होती. एक मालकांचं, एक माझं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमटी-भात. आत्ती आणि रंजना खाली उभ्या होत्या. स्नेहल पायरीवर गुडघ्यात तोंड घालून बसली होती. उंच झाली होती पोर, मला आधी ओळखूच आली नाही. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत, त्यामुळं सगळी सकाळपासून उपाशी होती.

मालकांचं पान कावळ्यांनी कधीच विस्कटलं होतं. माझं तसंच्या तसं. कावळे पेरूवर बसून होते आणि एकही ओरडत नव्हता. एक उतरला, माझ्या पानाजवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. रंजना म्हणाली, आक्कास्नी कायतरी पायजे आत्ती, तुमी बोला.

आत्तींनी हात जोडले. स्नेहलला शिकिवतो म्हणाल्या. कावळा आला नाही. चांगल्या घरात देतो म्हणाल्या. नाही आला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या माझ्याशी बोलत होत्या, मी ऐकत होते, आणि आमच्यामध्ये कावळे गप्प बसले होते. क्षणभर वाटलं, खरंच असंल. मिरजेला अक्काच्या शेजारी मीही गेले असेन, आणि मलाच कुणी सांगितलं नसेल.

मग आत्ती भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. मी जिती आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण सांगून सांगून लबाडी त्यांना स्वतःलाच खरी वाटायला लागली असणार. "वंदना, चुकलं बाई माझं. तू पाणी मागायचीस आणि मी तांब्या लांबनं सारायचो. एकदाबी तुझ्या कपाळाला हात लावला न्हाय. आता लावू वाटतोय तर तू न्हाईस. घे बाई, घास घे."

हे ऐकायला मी किती वर्षं तरसले होते. तेवढं पदरात घेऊन गुपचूप परत फिरले असते तरी चाललं असतं. पण समोर पोर उपाशी बसली होती. मी केळीतनं बाहेर आले.

"कावळ्याला काय सांगतासा, आत्ती? मला सांगा की."

रंजनाच्या हातातला तांब्या पडला आणि ती घरात पळाली. आत्ती पळाल्या नाहीत. टक लावून बघत राहिल्या. मला पटकन ओळखलं त्यांनी. हातही उचलला, माझ्या कपाळाकडं आणला. आणि तिथंच थांबवला. पदर नाकाला लावून त्या दोन पावलं मागं सरल्या. "लांब थांब," म्हणाल्या.

मेलेल्या वंदनेच्या कपाळाला त्यांना हात लावायचा होता. जितीच्या नाही. माझं डोकंच फिरलं. मी भिंतीवरचं माझं पान ओढलं, धुण्याच्या दगडावर बसले आणि जेवायला लागले. भात गार झाला होता, खीर चांगली होती. दीर दारात येऊन उभे राहिले होते. मी म्हटलं, घ्या, शिवलं पान.

स्नेहल उठून उभी राहिली. तिनं आधी माझ्या पायांकडं बघितलं, भुताचे पाय उलटे असतात म्हणून. सरळ आहेत ते नीट बघून घेतलं. मग आत्तींना विचारलं, "आज्जी, शिवलं की पान. आता जेवायचं न्हवं आमी?"

मी तिला बोलावलं नाही. ती आली नसती तर मी तिथंच संपले असते, म्हणून माझ्या तोंडून हाक फुटेना. ती पायरी उतरली, पेरूच्या झाडापाशी थोडी घुटमळली, आणि चालत आली. माझ्या पानातला अर्धा खाल्लेला वडा उचलला, तोंडात घातला आणि माझ्या मांडीवर बसली. आत्ती म्हणाल्या, टाक त्यो, माझ्या बाई, टाक. स्नेहलनं सगळा वडा खाल्ला आणि खीर मागितली.

संध्याकाळी मी तिचं दप्तर आणि कपडे मागितले. दीर शाळेचं बोलायला लागले. मी म्हटलं, हातकणंगल्यात शाळा हाय. स्नेहलनं आतनं माझा फोटो काढून आणला आणि त्याच्यावरचा हार आज्जीच्या हातात दिला. आत्ती तो धरून आमच्यामागं बोळाच्या तोंडापर्यंत आल्या, अंतर ठेवूनच. म्हणाल्या, "दिवाळीला येशील न्हवं?"

"जिती हाय तवर बोलवा आत्ती, येतो," मी म्हटलं. "मेल्यावर मातर माझं पान ठिवू नगासा."